भूमिकाची तिसरी टेस्ट

भूमिका धोटे इंग्लंडमध्ये गाडीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी ही बातमी गल्लीत कोणालाच सांगितली नाही. मला ती कळली तिच्या आईकडून. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी अंजनाबाई कोथिंबीर भरलेल्या गरम सांबारवड्यांची ताटली घेऊन आमच्याकडे आल्या आणि दारातच म्हणाल्या, "पोट्टी रडून राहिली होती फोनवर. गाडीसाठी रडते का गा कोणी?"

नागपुरात सक्करदऱ्याला धोट्यांच्या भिंतीला लागूनच माझं घर आहे. मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. नत्थूजी धोटे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बत्तीस वर्षं त्यांनी काटोल, सावनेर, नरखेड अशा गाड्या चालवल्या. आम्ही वीस वर्षांचे शेजारी, रोज संध्याकाळी तलावाकडे सोबत फिरायला जाणारे, पण या माणसाच्या तोंडून मी गाडीचा विषय कधी ऐकला नव्हता. रिटायर झाल्यावर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. एकदा मी तापानं फणफणलो होतो. माझी गाडी दारात उभी होती. मी म्हटलं, "नत्थूजी, जरा दवाखान्यापर्यंत चालवता का?" ते म्हणाले, "ऑटो बलावतो न तुमच्यासाठी." आणि खरोखरच चौकात जाऊन ऑटो घेऊन आले.

भूमिका त्यांची एकुलती एक. नर्सिंगचा कोर्स करून सहा वर्षं तिनं धंतोलीतल्या एका दवाखान्यात काम केलं, सगळी वर्षं अपघात विभागात. मग इंग्रजीची परीक्षा दिली आणि २०२२ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडे एका छोट्या शहरातल्या हॉस्पिटलात लागली. तिथं दोन वर्षं वॉर्डात काढल्यावर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बरे करून घरी पाठवलेले म्हातारे आठवड्याभरात परत यायचे, कारण घरी पट्टी बदलायला, औषधाकडे बघायला कोणी नसायचं. घरोघरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या नर्सेसची एक टीम होती. भूमिकानं तिथं अर्ज केला आणि तिला घेतलंही. अट एकच: एका वर्षात गाडीचं लायसन्स हवं. त्यांचे रुग्ण डोंगरातल्या गावांमधून पसरलेले. काही गावांना दिवसाला एक बस, काहींना तीही नाही.

नागपुरात तिच्याकडे फक्त दुचाकीचं लायसन्स होतं. त्यामुळे तिथं तिला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. लेखी परीक्षा तिनं पहिल्याच खेपेत काढली. एक बाई तिला शिकवत होत्या, त्याही म्हणायच्या की हात चांगला बसलाय. तरी पहिल्या टेस्टला ती एका मोठ्या गोल चौकावर जाऊन थांबली ती थांबलीच. उजवीकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये जागा व्हायची, जायची, पुन्हा व्हायची. तिचा पाय ब्रेकवरून निघेना.

"अन् मागच्यानं हॉर्नसुद्धा देल्ला नाही, काका," तिनं मला नंतर सांगितलं. "नागपूर असतं तर हॉर्नच्या भेवानं तरी निघाली असती मी."

दुसऱ्या टेस्टला एक म्हातारा काठी टेकत फूटपाथवर उभा होता. तो रस्त्यात उतरलाही नव्हता. भूमिकानं इतक्या जोरात ब्रेक मारला की मागची गाडी जेमतेम वाचली. परीक्षकांनी कागदावर खूण केली आणि तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

तिसरी तारीख मिळाली मार्चातली. एप्रिलमध्ये वर्ष संपत होतं. जानेवारीत चार आठवड्यांची रजा घेऊन ती घरी आली, तेव्हा तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं की तारीख रद्द करायची आणि पुन्हा वॉर्डात जायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं हे जेवताना सांगितलं. अंजनाबाईंना हायसंच वाटलं. नत्थूजी उठले, हात धुतले आणि सरळ माझ्याकडे आले.

"गिरिधरजी, तुमची गाडी पाहिजे होती. महिनाभर."

मला आधी वाटलं, कुठं गावाला जायचं असेल. मी म्हटलं, "घ्या की. ड्रायव्हर पाहू का एखादा?"

"ड्रायव्हर कायले? मी हावो न," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पोट्टीले शिकवतो."

दोन दिवसांत भूमिकाचं शिकाऊ लायसन्स निघालं. माझ्या जुन्या वॅगन-आरच्या मागच्या काचेवर तांबड्या अक्षरातला 'एल' चिकटला. मी मागच्या सीटवर बसायला लागलो. गाडी माझी म्हणून नव्हे, नत्थूजींनीच मला बोलावलं म्हणून. बापलेक दोघंच असले की भांडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी असलो तरी ते भांडलेच.

उमरेड रोडच्या पलीकडे एक नवा लेआऊट पडला आहे. रस्ते झालेत, घरं व्हायचीत. सकाळी साडेसहाला आम्ही तिथं पोचायचो. पहिल्या दिवशी नत्थूजींनी गाडी पुढे जाऊच दिली नाही. अर्धा तास नुसता क्लच.

"हळू सोड. अजून हळू. गाडी थरथरली का? तिथंच पाय ठेव. मीटर नोको पाहू, पाय पाह्य."

"बाबा, मले हे येते. तिकडे चाळीस तास शिकली मी."

"येते तं नापास काहून झाली?"

तिनं पुन्हा क्लच दाबला. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो.

पण हळूहळू गाडी चालू लागली. रिव्हर्स, बाजूला लावणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, हे सगळं तिला येत होतं, बापापेक्षा नीट येत होतं. तिकडच्या पद्धतीनं ती दर वेळी आधी आतला आरसा, मग बाहेरचा, मग खांद्यावरून मागे बघायची. नत्थूजी एकदा म्हणाले, "येवढं पाहून राहिली तं गाडी कवा चालवशील?" आणि दुसऱ्या दिवशी मात्र मला हळूच म्हणाले, "खांद्यावरून पाहाचं हे बरं आहे. आमाले कोनी सांगतलं नाही."

पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही सक्करदरा चौकात गेलो. एक बाई पिशव्या घेऊन झेब्रा पट्ट्यांपाशी उभी होती. भूमिकानं तिकडच्या नियमाप्रमाणे गाडी थांबवली आणि तिला हातानं खूण केली. बाई काही ओलांडेना. तिला वाटलं असणार, ही थांबली म्हणजे काहीतरी डाव आहे. मागे चार स्कूटर, एक ऑटो आणि एक पाण्याचा टँकर एकदम ओरडायला लागले. ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "झोपली का वो मॅडम?"

भूमिका लालेलाल झाली. मला वाटलं आता नत्थूजी तिला ओरडणार. त्यांनी आपली काच खाली केली आणि त्या बाईला म्हणाले, "जा वं बाई, तुमच्यासाठीच थांबली आहे पोरगी." बाई धावतच गेली. नत्थूजींनी काच वर केली. "थांबली तं थांबली. बराबर केलं."

दहाव्या दिवशी लेआऊटमध्ये एक कुत्रं आडवं आलं. बरंच लांब होतं. हॉर्न दिला असता तरी बाजूला झालं असतं. भूमिकानं ब्रेक मारला, गाडी बंद पडली, आणि ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. कुत्रं केव्हाच निघून गेलं होतं.

"काय झालं वं?" नत्थूजींनी विचारलं.

"काही नाही."

"मी पाहून राहिलो न. कुत्रं तं गेलं."

तेव्हा ती बोलली. समोर बघतच बोलली. "बाबा, मी सहा वर्षं कॅज्युअल्टीत होती. अमरावती रोडवरून, वर्धा रोडवरून, रोज आणत लोक. कोनाचा पाय हातात देल्ला मले, कोनाचं डोकं धरून बसली. एक लहानशी पोरगी होती, तिचे केस मी धुतले, कारण तिच्या आईले तशी दाखवता येत नव्हती. हे सगळं गाडीनंच होते न? अन् ते गाडी आता माह्या पायाखाली आहे. रोडवर कोनी दिसलं का मले तो माणूस नाही दिसत, तो स्ट्रेचरवर दिसते."

सहा वर्षांत हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. मी मागे बसून हे ऐकत होतो आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. नत्थूजींनी हात पुढे करून किल्ली फिरवली, गाडी चालू केली आणि म्हणाले, "घरी चाल." संध्याकाळी फिरायलाही आले नाहीत. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या अंगणातला दिवा मात्र दिसत होता.

रविवारी सकाळी ते तयार होऊन दारात आले. "काटोलले जाऊ," म्हणाले. "संत्रा पाहू बाजारात."

काटोल रोडला धुकं होतं. भूमिका चालवत होती, हळू, दिवे लावून. फेटरी मागे पडली, आणखी काही किलोमीटर गेलो आणि नत्थूजी म्हणाले, "इथं बाजूले घे."

तिनं गाडी मुरुमावर घेतली. नत्थूजी उतरले. आम्हीही उतरलो. रस्त्याकडेला एक बाभूळ होती, पलीकडे कोणाचा तरी संत्र्याचा बगीचा. पाहण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"सत्त्याण्णव साली," ते म्हणाले, "असंच धुकं होतं. काटोलहून पहाटेची पहिली गाडी आणत होतो. एक दूधवाला होता, वामन कडू. सायकलले दोन कॅन. तो त्या वावरातून रोडवर चढला अन् माह्या गाडीखाली आला."

भूमिका त्यांच्याकडे बघत राहिली. तेव्हा ती तीन वर्षांची होती.

"वाचला तो. पण पाय गेला, इथून," त्यांनी मांडीला हात लावला. "चौकशी झाली. धुकं होतं, त्याच्या सायकलले लाईट नव्हता, माही स्पीड कमी होती. कागदावर दोष निघाला नाही. सगळे म्हणे नत्थूजी, सुटला. पण मागे दोन पॅसेंजर जागेसाठी भांडून राहिले होते. मी आतल्या आरशात पाह्यलं त्याईच्याकडे. एक सेकंद. येवढाच. मले चौकशीत कोनी विचारलं नाही, अन् मी सांगतलं नाही. तुह्या आईलेही सांगतलं नाही."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचे दिवे धुक्यात विरले.

भूमिकानं विचारलं, "मंग तुमी पुन्हा गाडी कशी चालवली?"

"आठव्या दिवशी डेपोत हजर झालो, तं काटोलचीच ड्युटी. नाही म्हणता आलं असतं. पण घरी तू होती, तुही आई होती. मले दुसरं काहीच येत नव्हतं. चढलो. अन् काही सुचेना तं तोंडानं बोलाले लागलो. समोर काय दिसून राह्यलं ते. डावीकून बैल. पुढे सायकल. मागे ट्रक, येऊ दे. बोललं का नजर तिथंच राहाते, दुसरीकडे जात नाही. मंग सतरा वर्षं तसाच बोलत राह्यलो. कंडक्टर म्हणत, नत्थूजी जप करून राहिले."

"अन् भेव?"

"भेव होतंच. रिटायर झालो त्या दिवशी घरी येऊन झोपलो तं दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो." मग ते पहिल्यांदा तिच्याकडे वळले. "तू जे पाह्यलं ते खोटं नाही. ते इसरून जा असं मी म्हणत नाही. पण तुह्या डोळ्यापुढे दवाखाना येते तवा रोड दिसत नाही तुले. मले त्या सेकंदात रोड दिसला नाही तसा. बस बाजूले, मी दाखवतो."

आणि नत्थूजी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. अकरा वर्षांनी बसत होते. सीट मागे घेतली, आरसे फिरवले, आणि एरवी कधी न ऐकलेल्या आवाजात बोलायला लागले. हळू, एकसुरी, थांबत थांबत. "समोर पूल. रोड अरुंद. पलीकून मोटरसायकल, येऊ दे. गेली. डावीकडे बाई, डोक्यावर गवत, रोड पाहून राहिली नाही. हॉर्न. पाह्यलं तिनं. चाल." त्यांचा हात गिअरवर असा पडत होता की माझी खिळखिळी गाडी नवी वाटायला लागली. काटोलपर्यंत ते बोलत होते. भूमिका बाजूला बसून त्यांच्या नजरेच्या मागे नजर नेत होती.

परत येताना ती चालवायला बसली. आधी लाजली, मग इंग्रजीत बोलून पाहिलं, मग इंग्रजी सोडलं. "समोर ट्रॅक्टर. दोन पोरं बसून आहेत मागे. मी मागेच राहाते. आता जागा आहे. आरसा. खांदा. निघाली." गिट्टीखदानला पोचेपर्यंत तिच्या घशाला कोरड पडली होती. पण त्या पूर्ण रस्त्यात एकदाही तिनं विनाकारण ब्रेक मारला नाही.

त्यानंतरचे बारा दिवस आम्ही रोज बाहेर पडलो. सकाळी, भर दुपारी, शाळा सुटताना, इतवारीच्या गर्दीत. नत्थूजी तिला फार काही सांगत नव्हते. ती बोलायची आणि एखादी गोष्ट तिनं बोलायची राहिली तर ते फक्त म्हणायचे, "अन् ते स्कूटर?"

तिनं तारीख रद्द केली नाही. विमानतळावर निघताना तिनं वाकून नमस्कार केला, तर नत्थूजी म्हणाले, "पोचली का फोन कर," आणि आत निघून गेले. त्याच आठवड्यात त्यांनी अंजनाबाईंना वामन कडूची गोष्ट सांगितली. अंजनाबाई मला म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं हे माणूस काहून असं घुम्यासारखं बसते म्हणून मी चिडून राहिली होती." त्यांचे डोळे भरले होते, पण रागही होता. दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या.

मार्चातल्या टेस्टला जे परीक्षक आले ते उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ होते. गाडी चालू करण्याआधी भूमिकानं त्यांना विचारलं, "मी चालवताना माझ्या भाषेत स्वतःशी बोलले तर चालेल का?" ते म्हणाले, "चालेल. फक्त माझ्याकडून उत्तराची अपेक्षा करू नका."

पाऊण तास ती त्या परक्या गावातल्या ओल्या रस्त्यांवर वऱ्हाडीत बोलत होती. "डावीकून सायकलवाला. जागा देल्ली. समोर झेब्रा, बाई उभी, बाबागाडी आहे. थांबून राहिली मी. गेली बाई. चाल." मग तो मोठा गोल चौक आला. उजवीकडून गाड्या येत होत्या. "पांढरी येऊन राहिली, येऊ दे. बस, तिलेही येऊ दे. आता कोनी नाही. निघ." आणि ती निघाली.

परत आल्यावर परीक्षकांनी कागदावर बेरीज केली आणि पास झाल्याचं सांगितलं. मग विचारलं, ही कुठली भाषा? तिनं सांगितलं. ते म्हणाले, एक शब्द तुम्ही बऱ्याचदा म्हणालात, 'चाल'. तिनं अर्थ सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि कागद तिच्या हातात दिला.

आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. नत्थूजी माझ्या ओसरीवरच बसले होते. फोन स्पीकरवर होता. भूमिका रडत होती, हसत होती, काय म्हणत होती ते धड कळत नव्हतं. नत्थूजींनी तिला पूर्ण बोलू दिलं आणि मग विचारलं, "चुका किती?"

"लहान लहान पाच, बाबा. पंधरापर्यंत चालतात."

"कोनत्या कोनत्या?"

तिनं पाचही सांगितल्या. एका वळणावर सिग्नल उशिरा दिला, एकदा गिअर चुकला, अशा. ते प्रत्येकीला "हं" म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "चहा मांडा न गिरिधरजी," म्हणाले. एरवी ते माझ्याकडे कधी चहा मागत नाहीत.

भूमिका आता त्या डोंगरातल्या गावांमध्ये रोज आठ-नऊ घरी जाते. तिचा एक रुग्ण कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेला म्हातारा आहे. हात कापतात, त्यामुळे त्याला इन्सुलिन स्वतः घेता येत नाही. टेकडीवर एकटा राहतो. गेल्या डिसेंबरात ती त्याच्याकडे निघाली असताना टेकडीच्या पायथ्याशी रस्त्यावर बर्फाचा पातळ, जेमतेम दिसणारा थर जमलेला तिला दिसला. पुढची एक गाडी चढावर घसरून आडवी झाली होती. भूमिकानं गाडी बाजूला घेतली, ऑफिसला फोन करून सांगितलं की इथून पुढे गाडी नेणार नाही, बॅग खांद्याला लावली आणि गवतातून पायी वर गेली. वीस-पंचवीस मिनिटं लागली. बूट, मोजे सगळं ओलं झालं. म्हाताऱ्यानं आधी उशीर झाला म्हणून तिला बोलणी ऐकवली, मग शेगडीपुढे तिचे मोजे वाळत घातले. तिनं साखर तपासली, इन्सुलिन दिलं, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी वर येऊन जाईपर्यंत त्याच्यापाशी बसली.

हे तिनं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, तेव्हा अंजनाबाई घाबरून म्हणाल्या की अशी कशी नोकरी, सोडून दे. नत्थूजींनी फोन आपल्याकडे घेतला.

"गाडी कुठं ठेवली होती?"

"रोडच्या खाली घेतली होती, बाबा. मागचे लाईट चालू ठेवून."

"अन् परत येताना?"

"उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय नाही ठेवला."

"बरं केलं," नत्थूजी म्हणाले. मग त्या म्हाताऱ्याची साखर किती निघाली ते त्यांनी विचारलं, आणि बराच वेळ दोघं त्याच्याबद्दलच बोलत राहिले.